हसणाऱ्याची साक्ष

आमच्या सरांना कुणी पेढा दिला की ते आधी विचारायचे, "कशाबद्दल?" कारण सांगितलं की विचारायचे, "नक्की?" मी मॅट्रिक झाले तेव्हा आईनं माझ्याच हाती त्यांच्याकडे पेढे पाठवले होते. सरांनी पेढ्यांकडे बघितलंही नाही. माझा नंबर विचारून घेतला, वर्तमानपत्र उघडलं, निकालाच्या बारीक टायपावरून बोट फिरवत तो शोधून काढला आणि मग म्हणाले, "अभिनंदन." त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, आत पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझं काय घेऊन बसलीस. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला आणि मी जराशी हसले, तर हे हळूच विचारतात, कशाला हसलात? तेव्हापासून हसायच्या आधी मी कारण तयार ठेवते."

पार्ल्याला आम्ही ज्या वाडीत राहायचो तिच्यात पुढे मालकांचा बंगला होता, मागे भाडेकरूंची दुमजली इमारत, मधे विहीर आणि भोवती नारळ. सर तळमजल्यावर, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. सर अंधेरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि पुढे मीही त्याच कॉलेजात त्यांच्या वर्गात जाऊन बसले, त्यामुळे मला ते घरीदारी दोन्हीकडे भेटले. पन्नास सालानंतरची ती वर्षं. वाडीत त्यांना सगळे मागून शंकासूर म्हणत. सरांना हे माहीत होतं. हे नाव पहिल्यांदा कुणी काढलं असावं याबद्दलही त्यांचा एक पक्का संशय होता आणि त्या माणसाशी ते जरा जास्तच गोड बोलत.

सकाळी दूधवाला आला की माप घालायच्या आधी त्याला रिकामं माप उलटं करून दाखवावं लागे. ते सगळेच दाखवायला लावत, त्यात विशेष काही नाही. सर त्याला चरवीसुद्धा हलवून दाखवायला लावत. वर्तमानपत्रात ते आधी चुकीची दुरुस्ती कुठे छापली आहे ते शोधत. "काल काय खोटं छापलं ते कळल्याशिवाय आजचं वाचायचं कसं?" त्यांचं मनगटी घड्याळ पुढे असायचं. किती पुढे ते कुणाला सांगत नसत, कारण मग ते कुणीही वजा केलं असतं. वाडीत कुठलीही बातमी आली, अगदी म्युनिसिपालिटीचं पाणी उद्या येणार नाही एवढीच असली, तरी सरांचं ठरलेलं वाक्य यायचं: "कोण म्हणतो? आणि त्याला ते म्हणायची गरज का पडली?"

हा स्वभाव होता की धंद्याचा रोग, हे मला कधीच नीट कळलं नाही. काकूंच्या मते स्वभाव. मला वाटतं, दोन्ही एकमेकांना शोधत आले असावेत.

वर्गात सर इंग्रजीतून शिकवायचे, तसा नियमच होता. पण संशय आला की ते मराठीत यायचे, त्यामुळे तास बहुतेक मराठीतच व्हायचा. इतिहासाची साधनं हा त्यांचा आवडीचा विषय आणि त्यात त्यांचा एक लाडका माणूस होता. लाडका म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त अविश्वास तो. हा कुणी एक रोमन बादशहा. त्याचं नाव सर एकदा फळ्यावर लिहीत आणि पुढे सगळा तास त्याला 'आपला दाढीवाला' म्हणत.

गोष्ट अशी. हा दाढीवाला मोठा साधा राहणारा, उपासतापास करणारा, जुने देव मानणारा. त्याचा मुक्काम पडला पूर्वेकडच्या एका श्रीमंत, चैनी शहरात. तिथल्या लोकांना नाटकं हवीत, शर्यती हव्यात, आणि ह्यानं धान्याचे भाव बांधून दिले. व्यापारी चिडले, धान्य गडप झालं. मग एका सणात लोकांनी त्याच्यावर गाणी रचून रस्त्यांतून म्हटली. त्याची बोकडासारखी दाढी, त्याचं बुटकेपण, त्याचे यज्ञ. बादशहाच तो, मनात आणता तर सगळ्यांची पाठ सोलून काढता. त्यानं काय केलं, तर एक लेख लिहिला आणि वाड्याबाहेर लावून दिला. लेखात शहराची थट्टा होतीच, पण ती स्वतःची थट्टा करण्याच्या मिषानं. माझी दाढी वाईट, तीत उवा फिरतात, मला हसता येत नाही, मी तुमच्या लायकीचा नाही, वगैरे वगैरे.

"आता सांगा," सर खडू टेबलावर ठेवून म्हणायचे, "हे साधन म्हणून कसं वापरायचं?"

कुणीतरी भाबडा मुलगा म्हणायचाच, "सर, राजा मनानं मोठा होता."

"कोण म्हणतो? तोच म्हणतो ना? स्वतःला हसणारा माणूस मोठा दिसतो, हे त्याला माहीत नव्हतं असं वाटतं तुला? बस खाली."

मग सरांची पद्धत यायची. थट्टेतलं जे जे आहे ते बाजूला काढा. दाढी काढा, उवा काढा. हे सगळं लिहिणाऱ्यानं आपल्याला दाखवायला मांडलं आहे. टोमणेही काढा. आता जाता जाता, त्याचं लक्ष नसताना, जे त्याच्या तोंडून सांडलं तेवढंच साक्षीत घ्या. बाजारात मासळी भरपूर होती पण धान्य नव्हतं. हे खरं. शहराच्या कारभाऱ्यांचाच त्यात हात होता. हे खरं असावं. आणि मी आता हे शहर सोडून जाणार, हे. "हे सगळ्यात खरं," सर म्हणायचे. "तो गेला, पुन्हा आला नाही आणि जाताना ह्या लोकांच्या डोक्यावर एक खाष्ट अधिकारी बसवून गेला. लक्षात ठेवा. राजा स्वतःला हसायला लागला की प्रजेनं सामान बांधायला घ्यावं."

आम्ही हे वहीत उतरवून घ्यायचो आणि परीक्षेत लिहायचो. मार्क बरे मिळत.

आमच्या वाडीलाही एक राजा होता आणि तो म्हणजे मालक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नोकरीनिमित्त चेंबूरला बिऱ्हाड करून राहिलेला, बंगल्यात हे एकटे. दिवसभर वाडीत फिरत. कुणाचा नळ ठिबकत असेल तर आत शिरून बंद करत. जिन्यातला दिवा लागला की पाचव्या मिनिटाला विझवत. नारळ पडल्याचा आवाज त्यांना दुपारच्या झोपेतही ऐकू यायचा. विहिरीच्या काठावर पोर दिसलं की असे ओरडत की पोराचा तोल त्या ओरडण्यानंच जावा. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्याकडे उगीच जाऊन बसावं असं कुणाला कधी वाटलं नाही, एवढं मात्र खरं. फक्त पहिल्या तारखेला सगळे जात. ओट्यावर मालक धुतलेला सदरा घालून बसायचे, भाडं घ्यायचे, मोत्यासारख्या अक्षरात पावती लिहून द्यायचे आणि ती लिहायला फार वेळ लावायचे. लिहिता लिहिता पावसाचं बोलत, पोरांच्या शाळेचं विचारत. बाबा घरी येऊन वैतागत, "एक सही करायला या माणसाला अर्धा तास लागतो."

त्या वर्षी गणपतीत शेवटच्या दिवशी शेलापागोटे झाले. म्हणजे ज्याच्या त्याच्या नावानं दोन ओळींची चेष्टा वाचून दाखवायची आणि ज्याच्यावर असेल त्यानं हसून ती स्वीकारायची. वरच्या मजल्यावरच्या एका कारकुनानं मालकांवर लिहिलं होतं:

नळ मिटतो, दिवा मिटतो, नारळ मोजतो झाडावर,
देवासारखा मालक अमुचा, नजर तयाची सर्वांवर.

मांडव हसून हसून लोळला. माझी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. मालक उठले, गणपतीला नमस्कार केला आणि प्रसाद न घेता बंगल्यात गेले. फक्त सर हसले नव्हते. मला वाटलं, त्यांना मालकांची कीव आली असेल. ते म्हणाले, "सणातली थट्टा. आता उत्तर येईल."

उत्तर दिवाळीत आलं. जिन्याखाली आमचं एक भित्तिपत्रक लागायचं, मी त्याची संपादक. मालक स्वतः जिना चढून आमच्या दारात आले. त्यांनी माझ्या हातात एक लेख ठेवला. "छापण्यालायक असला तर लाव," असं म्हणून थांबले. मला आठवतं, ते जरा जास्तच वेळ थांबले. आईनं आतून "कोण आहे गं?" असं विचारलं, तेव्हा गेले.

लेखाचं नाव 'मी, एक मालक'. काय लिहिलं होतं त्या माणसानं! माझा आवाज असा गोड की कावळेसुद्धा वाडीतल्या माडांवर बसत नाहीत. मी नळ बंद करतो, कारण दुसऱ्याच्या घरात शिरायला मला दुसरं निमित्त सापडत नाही. माझा भाव इतका चढा की पैसे मोजल्याशिवाय माझ्या ओट्यावर कुणाला चढताच येत नाही, म्हणून लोक महिन्यातून एकदाच येतात. माझा चहा पिणारा या वाडीत अजून जन्मायचा आहे. आणि शेवटी, मुलगा चेंबूरला ये ये म्हणतोय, मी एकदाचा तिकडे गेलो की तुम्ही सगळे सुटाल, जिन्यात रात्रभर दिवा जाळा.

भित्तिपत्रकासमोर गर्दी झाली. इतके दिवस ज्या माणसाला आम्ही चुकवत होतो तो इतकं झकास लिहितो, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. बायकाही येऊन वाचून गेल्या. दोघातिघांनी तर ठरवलं की एकदा खरंच जाऊन मालकांकडे चहा मागायचा. सर मात्र त्या कागदासमोर हात मागे बांधून कितीतरी वेळ उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला वर्गातला तो दाढीवाला दिसत होता.

संध्याकाळी त्यांनी बाबांना आणि सावंतकाकांना खाली बोलावलं. सावंतकाका मालवणकडचे. आधी गिरणीत होते आणि परळला एका खोलीत तीन भावांचे संसार घेऊन राहिले होते. मग पार्ल्याच्या बिस्किटाच्या कारखान्यात लागले आणि या वाडीत त्यांना स्वतःच्या दोन खोल्या मिळाल्या. त्या दोन खोल्यांचं त्यांना इतकं अप्रूप होतं की कामावरून आले की आधी एका खोलीत बसत आणि मग उगीचच दुसरीत जाऊन बसत. मी सरांसाठी लेखाची नक्कल करून नेली होती म्हणून मीही तिथे होते.

"सर, माणूस स्वतःला हसतोय, त्यात वाईट काय?" बाबा म्हणाले.

"गणपतीत त्याला आपण सगळ्यांसमोर हसलो. तेव्हा तो उठून गेला. दोन महिन्यांत तो स्वतःच हसायला लागतो. मधे काय झालं?"

"काय झालां?" सावंतकाका.

"काहीतरी ठरलं. माणसाचं मनाशी ठरलं की त्याला विनोद सुचतो." सरांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या नकलेवर एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. "कावळे, ही थट्टा. नळ, थट्टा. ओट्यावर कुणी येत नाही, हा टोमणा, काढा. चहा, हाही टोमणा. आता काय राहिलं? मुलगा चेंबूरला बोलावतोय. यात विनोद कुठे आहे? हे जाता जाता आलंय. लिहिताना त्यांचं लक्ष नव्हतं."

कागदावर खरंच तेवढंच वाक्य उरलं होतं. एवढा हसवणारा लेख, आणि खोडल्यावर तो एखाद्या नोटिशीसारखा दिसायला लागला. मलाही ते पटलं, हे कबूल करायला हवं.

"म्हंजे वाडी इकतलो?" सावंतकाकांचा आवाज खाली गेला.

"मी तसं म्हटलेलं नाही. मी म्हणतो, तयारीत असावं."

"ह्यो खोल्यो गेल्यो तर मी खंय जातलंय, सर? परत परळाक?"

मग सरांनी तयारी म्हणजे काय ते सांगितलं. भाडं मालकांच्या हातात द्यायचं नाही, मनीऑर्डरनं पाठवायचं. मुंबईत भाडेकरूचं मालकाशी बिनसलं की हाच रिवाज होता. घर सोडायला लावायचं तर भाडं थकलं असं दाखवायला लागतं आणि पोस्टाची पावती असली की ते दाखवता येत नाही.

"अहो, पण ते पावती देतात की," बाबा म्हणाले.

"आजपर्यंत देत होते," सर म्हणाले.

त्यानंतरचे दिवस फार विचित्र गेले. मालकांकडे कोण येतं, कोण जातं, यावर सगळ्यांच्या खिडक्यांचं लक्ष. एक दिवस कोट घातलेला एक माणूस आला आणि मालकांबरोबर विहिरीत वाकून बघून गेला. मालकांनी आपण होऊन सांगितलं, म्युनिसिपालिटीचा आहे, डासांच्या अळ्या तपासायला आला होता. सर घरी येऊन म्हणाले, "डास बघायला माणूस कोट घालून येतो? आणि आपण विचारलं नसताना सांगायची गरज का पडली?" चहा मागायला जाणाऱ्यांचा बेत कुणी मोडला नाही, तो आपोआप राहून गेला. मालक जिन्यात भेटले की हसायचे. पूर्वी हसत नसत. ते हसले की आम्ही पायऱ्या भराभर उतरायचो.

मनीऑर्डर करायला सगळ्यात आधी सावंतकाका गेले. मग एकामागून एक सगळी बिऱ्हाडं. बाबा शेवटी गेले, पण गेले. पहिल्या तारखेच्या सुमाराला पोस्टमन वाडीत शिरला तो थेट मालकांच्या ओट्यावर. मी वरून बघत होते. मालक धुतलेला सदरा घालून, पावतीपुस्तक पुढ्यात घेऊन बसले होते. ओट्यावर दोन जादा खुर्च्या काढून ठेवलेल्या होत्या. पोस्टमननं फॉर्म काढले, एकेक नाव वाचलं, त्यांनी एकेक सही केली. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांनी टपालानं पाठवलेले पैसे घेताना त्यांनी एकदाही मान वर करून इमारतीकडे बघितलं नाही. पोस्टमन नंतर बराच वेळ तिथे खुर्चीवर बसलेला होता.

"बघितलंत?" सर म्हणाले. "एका शब्दानं विचारलं नाही. ज्याच्या मनात काही नाही तो भांडायला आला असता."

पुढच्याही महिन्यांत तसंच चाललं. उन्हाळ्यात मालकांनी वाडी विकली.

आता सरांचा काय भाव वधारला म्हणून सांगू! नवा मालक आला तो वकिलाची नोटीस घेऊनच. सगळ्यांनी जागा सोडाव्यात, भाडी वेळेवर दिलेली नाहीत वगैरे. सगळ्यांनी पोस्टाच्या पावत्या काढून दाखवल्या आणि प्रकरण तिथेच थंडावलं. सावंतकाकांनी सरांचे पाय धरले. म्हणाले, "तुमी नसतास तर आमची वाट लागली होती." त्या गणपतीत सरांना शाल आणि नारळ द्यायचं ठरलं. सरांनी विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" आणि शाल घेतली नाही. आम्हाला वाटलं, नेहमीचंच.

पण नेहमीचं नव्हतं. सर गप्प झाले. दूधवाल्याचं माप बघायचं विसरू लागले. काकू मला म्हणाल्या, "काल मी मोठ्यानं हसले गं, आणि यांनी विचारलंच नाही का ते. मला भीती वाटली."

एक दिवस कॉलेजातून परत येताना सर माझ्याबरोबर चालू लागले. म्हणाले, "माझं अनुमान फार बरोबर निघालं. इतकं बरोबर निघत नाही."

"म्हणजे चांगलंच ना, सर?"

"साधनावरून मी म्हटलं, अमुक होणार. आणि तसं झालं. पण माझं म्हणणं आणि ते होणं, या दोहोंच्या मधे मनीऑर्डरी आहेत. त्या पाठवायला मीच सांगितलं. त्या दाढीवाल्याचं बरं आहे. त्याचा लेख मी सोळाशे वर्षांनी वाचतो, त्याला ते कळत नाही." थोडं चालून ते म्हणाले, "तुझी मावशी चेंबूरला असते ना? मला रस्ता माहीत नाही. शिवाय एक साक्षीदार हवा."

रविवारी आम्ही गेलो. मालकांच्या मुलानं आता मोठी जागा घेतली होती, वाडीच्या पैशातून घेतली असणार. सुनेनं आम्हाला मागच्या बाजूच्या अरुंद गॅलरीत नेलं. तिथे एका खुर्चीवर मालक बसले होते आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. आम्हाला बघून ते उठले, गडबडले, आणि सरांना स्वतःची खुर्ची देऊन आपण कट्ट्यावर टेकले. वाडीतल्या एकेकाचं नाव घेऊन विचारलं. सावंतांच्या मुलीचं लग्न ठरलं का, विहिरीवर जाळी बसवली का. सर ऐकत होते. वर्गात साक्षीदार तपासायचा कसा ते शिकवताना जसे ऐकायचे, तसेच.

मग म्हणाले, "एक विचारायला आलोय. तुम्ही तो लेख लिहिलात, तेव्हा वाडी विकायचं ठरलं होतं की नव्हतं?"

मालकांना आधी कुठला लेख तेच कळेना. मग कळलं तेव्हा ते लाजल्यासारखे हसले. "वाचलात होय तुम्ही? मला वाटलं, तुम्हाला असलं हलकंफुलकं आवडायचं नाही."

"तुम्ही लिहिलं होतं, मुलगा चेंबूरला बोलावतोय."

मालकांनी दाराकडे बघितलं. सून आत होती. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तो कुठला बोलावतोय? तेव्हा त्याच्या दोन खोल्या, त्यात माझी अडचण. पण लोकांना वाटायला नको ना, मुलगा विचारत नाही म्हणून. तेवढं एक खोटं घातलं. बाकी लेखात सगळं खरंच होतं."

"बाकी म्हणजे?"

"हेच. कुणी येत नाही, चहा पीत नाही, ते." ते पुन्हा हसले. "तसं सरळ कसं लिहिणार? बरं दिसत नाही. म्हणून जरा गमतीत लिहिलं. म्हटलं, गणपतीत माझी चेष्टा केलीत, चांगलं केलंत, आता मीही करतो, म्हणजे फिटंफाट. मला वाटलं, वाचून कुणीतरी येईल. लोक भित्तिपत्रकापाशी हसत होते ते मला ऐकू येत होतं. पहिली तारीख आली तेव्हा मी कामाच्या बाईला मुद्दाम जास्तीचं दूध घ्यायला सांगितलं होतं. म्हटलं, या वेळी सगळ्यांना बसवायचं. तर पोस्टमन आला. मग त्यालाच पाजला चहा. चांगला माणूस होता. दोन कप प्यायला."

सरांचा चेहरा मला दिसत नव्हता, ते भिंतीकडे बघत होते. तसंच बघत त्यांनी विचारलं, "मग विकायचं कधी ठरलं?"

"लगेच नाही. दोन-चार महिने वाट बघितली. म्हटलं, कुणी सांगेल तरी, माझं काय चुकलं. मग म्हटलं, एवढ्या माणसांना आपलं तोंड बघायचं नाहीये, तर कशाला बसून राहायचं?"

"याला काही पुरावा?" सर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखता आला नाही.

"पुरावा कसला, सर?" मालक गोंधळले. "मी सांगतोय ना."

सुनेनं चहा आणला. आम्ही तो प्यालो. निघताना मालक म्हणाले, "परत या, मी घरीच असतो." आणि दारात उभे राहून हात करत राहिले. मला रडू येत होतं आणि सरांच्या समोर रडायची लाज वाटत होती, म्हणून मी भराभर पुढे चालत होते.

स्टेशनच्या रस्त्यावर सर म्हणाले, "ही साक्ष नंतरची आहे. त्यांनी वाडी विकली, आता ते कुणावर तरी ढकलायला हवं. तेव्हा तसं म्हणणं त्यांच्या सोयीचं आहे."

"हो, सर."

"आणि तो कोटवाला? त्याचं त्यांनी आज नावसुद्धा काढलं नाही."

"नाही काढलं."

तिकिटाच्या खिडकीपाशी सर थांबले. खिशात हात घालून पैसे शोधत होते, पण हात बाहेर येत नव्हता. मागची माणसं आम्हाला ओलांडून पुढे जाऊ लागली.

"खोटं बोलत असतील ना गं?" ते म्हणाले. "खोटं बोलत असले तर फार बरं होईल."